उद्या लख्ख ऊन

फाकिसी मास्तरांचं रेडिओशी भांडण होतं. रेडिओला त्याची कल्पना नव्हती, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळच्या बातम्या संपल्या की राजधानीतली एक बाई हवामान सांगायची. सखल भागाचं सगळं तपशीलवार, वारा कुठून, दव किती, धुकं कुठपर्यंत. आणि शेवटी घाईघाईने, दार ओढून घेता घेता सांगावं तसं, "डोंगराळ भागात काही ठिकाणी हिमवृष्टीची शक्यता." संपलं. आता लेसोथोतला डोंगराळ भाग म्हणजे काय कुणाचं परसदार आहे? निम्मा देश आला त्यात.

"काही ठिकाणी म्हणजे कुठल्या ठिकाणी, बाई?" मास्तर रेडिओला विचारत. "इथे हा-मोखोबे गावात, की पलीकडच्या खोऱ्यात, की माझ्या छपरावर? आणि हिमवृष्टी म्हणजे नक्की काय? भुसभुशीत बर्फ, की पावसात कालवलेला, की मक्याच्या भरड्यासारखा टणाटण उडणारा?"

"तिला ऐकू जात नाही हो," चुलीपाशी मक्याच्या पिठाचा घट्ट पापा घोटणारी त्यांची बायको माथुसो म्हणायची. "मला जातंय."

फाकिसी मास्तर हा-मोखोबेच्या हायस्कुलात भूगोल शिकवत आणि उपमुख्याध्यापक होते. रस्त्यात कुणी नुसतं "थंडी आहे, न्ताते" म्हणालं, तर "थंडी तेवढीच आहे, वाऱ्यामुळे जास्त वाटते" असं सांगूनच पुढे जायचे. ऐकणारा तोवर गारठून गेलेला असायचा.

त्या जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, त्यांनी ठरवलं की गावाला गावापुरता अंदाज मिळालाच पाहिजे, आणि तो आपल्याशिवाय कोण देणार? गावात छोटं रेडिओ केंद्र होतं. लोकरीच्या सोसायटीमागची एक खोली, भिंतींना जुनी ब्लँकेटं आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. ते चालवायची पुसेलेत्सो नावाची एक धिप्पाड बाई. भजनं, मयताच्या बातम्या आणि हरवलेली गाढवं, एवढ्यावर केंद्राचा संसार चालला होता.

"मयत आणि गाढवं यांच्यामध्ये थोडी जागा आहे," पुसेलेत्सो म्हणाली. "बसाल तिथे?"

मास्तरांना शेजार पसंत नव्हता, पण ते बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी ढगांपासून सुरुवात केली. सिरस म्हणजे पिसासारखा, स्ट्रेटस म्हणजे अंथरलेला, निम्बोस्ट्रेटस म्हणजे अंथरलेला आणि वरून गळणारा. मग अल्टो म्हणजे मधल्या उंचीवरचा, इथपर्यंत आले आणि पुसेलेत्सोने काचेपलीकडून मानेवर सुरी फिरवावी तशी खूण केली. उद्याचं हवामान सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव मास्तरांना 'न्ताते निम्बो', म्हणजे निम्बोबाबा, म्हणू लागलं. मास्तरांनी ही पदवी आहे असं समजून घेतलं.

अंदाज सांगायचा तर उपकरणं हवीत. पाऊस मोजायला जॅमचा डबा झाला. वाऱ्याची दिशा कळायला छपरावर उंच काठी लावून टोकाला माथुसोचा एक लोकरी मोजा बांधला. मोजा चर्चला जायचा होता, हे तिला रविवारी कळलं.

पण खरा घोटाळा काठीने केला. शेजारचा टाऊ हा टॅक्सीवाला. गावातून खाली शहराकडे जाणारी पांढरी गाडी त्याची. तो कुंपणावर हात ठेवून बराच वेळ काठीकडे बघत राहिला.

"मास्तर, ही वीज कुणावर पाडायची आहे?"

"वीज? अहो, हा वाऱ्याचा मोजा आहे."

"मोजा मला दिसतोय. काठीबद्दल विचारतोय. माझ्या मामाच्या गावी एकाने अशीच लावली होती. त्याच्या शेजाऱ्याची गाय गेली."

"काठीने?"

"विजेने. काठीने सांगितलं, विजेने ऐकलं."

दोन दिवसांत तक्रार गावच्या प्रमुखबाईंकडे गेली. प्रमुखबाई समजूतदार. म्हणाल्या, "मास्तर, माझं काही म्हणणं नाही, फक्त जिल्हा परिषदेची परवानगी आणा." परिषदेतल्या कारकुनाने सांगितलं की काठी जमिनीवर असती तर आमच्याकडे आली असती, छपरावरची वीज मंडळाकडे. वीज मंडळाचा माणूस म्हणाला, काठीला तार आहे का? नाही? मग आमचा संबंध नाही, गावच्या प्रमुखांची परवानगी आणा. मास्तर तिन्ही ठिकाणी आपलं पद सांगून बघत होते, आणि तिन्ही ठिकाणी त्यांना बाकावर बसवून ठेवत होते. शेवटी प्रमुखबाईंनी तोडगा काढला. काठी राहू दे, पण टाऊच्या घराकडे ती जरासुद्धा वाकता कामा नये. तेव्हापासून टाऊ रोज सकाळी टॅक्सी काढायच्या आधी एक डोळा मिटून काठीचा ओळंबा बघायचा.

सल्ल्यांना तर अंत राहिला नाही. कुणी म्हणे मुंग्यांकडे बघा, कुणी म्हणे माझ्या आत्याच्या गुडघ्याकडे बघा. आत्या गुडघा घेऊन घरी आलीसुद्धा, आणि ताकासारखा आंबवलेला पापा खाऊन गेली. मास्तर सगळ्यांना एकच उत्तर देत, "मी आभाळ बघतो." आणि ते खरंच बघत. शाळेतल्या आपल्या खोलीच्या मोठ्या खिडकीतून, मधल्या सुट्टीत, डोळे बारीक करून.

जुलैत त्यांनी पहिला मोठा अंदाज दिला. निम्बोस्ट्रेटस दाटलाय, रात्रीपासून जोरदार बर्फ, घाट बंद होणार. मुख्याध्यापकांनी शाळेला सुट्टी दिली. टाऊने शहराची फेरी रद्द केली. लोकांनी कोळसा आणि रॉकेल असेल तेवढं उचललं. दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की सगळं गाव भिंतीला पाठ लावून, अंगावर पांघरलेली ब्लँकेटं उघडी टाकून शेकत बसलं. मास्तर बाजारातून गेले तर एक म्हातारा टोपी डोळ्यांवर ओढून म्हणाला, "बर्फ लागतोय हो डोळ्यांना."

पुढच्या आठवड्यात मास्तर म्हणाले, आभाळ स्वच्छ. त्या दिवशी एक अंत्ययात्रा निघाली आणि कबरीपर्यंत पोचायच्या आत मक्याच्या भरड्यासारखा बर्फ सगळ्यांच्या टोप्यांवर टणाटणा नाचू लागला. पाद्री प्रार्थना म्हणताना मध्येच थांबून मास्तरांकडे बघत होता. मास्तरांना राहवलं नाही, त्यांनी शेजारच्याला हळूच सांगितलं, "याला गारा म्हणायचं नाही बरं का. गार वेगळी." त्या घरच्यांनी नंतर त्यांना मयताचं जेवण वाढलं, पण मांसाचा तुकडा हाडाचा होता.

असं दोन-चारदा झालं आणि मग गावाच्या एक गोष्ट लक्षात आली. मास्तर चुकतात, पण नेमाने चुकतात. ऊन म्हणाले की भिजायचं, बर्फ म्हणाले की वाळवणं घालायची. राजधानीतली बाई काही ठिकाणी म्हणते, शक्यता म्हणते, तिचा काय भरवसा. मास्तरांचा भरवसा पक्का. ऑगस्ट संपेपर्यंत कार्यक्रमाला असे श्रोते लाभले की मयतवाले आणि गाढववाले दोघेही 'आमची बातमी मास्तरांच्या लगेच आधी लावा' म्हणून पुसेलेत्सोच्या मागे लागले.

मास्तरांना हे कसं कळलं? माथुसो दोरीवर कपडे घालत होती.

"अगं, बर्फ येणार आहे. मी आत्ताच सांगून आलोय."

"ऐकलं की," ती म्हणाली. "म्हणून तर धुवायला काढले."

त्यात राजधानीहून एक साहेब जीप घेऊन आला. कुठल्या खात्याचा ते त्याने फार भरभर सांगितलं. तो म्हणाला, परवान्याशिवाय हवामानाचा अंदाज सांगता येत नाही. मास्तर म्हणाले, परवाना द्या. तो म्हणाला, परवाना खात्यातल्याच माणसाला मिळतो. मग दोघं चहा प्यायले. साहेबाला घाटाची काळजी होती, अंधाराआधी उतरायचं होतं. त्याने पुसेलेत्सोला बाजूला घेऊन विचारलं, "हे आज काय म्हणालेत?" ती म्हणाली, "ऊन." साहेब कप अर्धा ठेवून उठला आणि जाता जाता म्हणाला, "अंदाज म्हणू नका. मत म्हणा. मताला परवाना लागत नाही." तेव्हापासून कार्यक्रमाचं नाव 'मास्तरांचं मत' झालं. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

जगात एकच माणूस उरला होता जो मास्तरांचं मत जसंच्या तसं खरं मानत होता, आणि तो माणूस असा होता की मास्तरांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत नव्हता. त्यांचे सासरे, न्ताते मोखेले.

मोखेले वरच्या वाडीत राहत. लांब केसांच्या, मोहेर लोकर देणाऱ्या शेळ्यांचा कळप हीच त्यांची जिनगी. जावयाकडे एक कोंबडीसुद्धा नाही, म्हणून गेली कितीतरी वर्षं ते त्याला 'खडूवाला' म्हणत आले होते, आणि तेही तोंडावर. पण जावई रेडिओवर बोलू लागला आणि म्हातारा पालटला. बॅटऱ्या आणल्या, रेडिओ उंच फळीवर ठेवला, आणि कार्यक्रम लागला की वाडीत कुणाला खोकू देईना. कुणी म्हटलं की जावई सारखा चुकतो, तर म्हणायचा, "चुकत नाही. तो बर्फ म्हणाला की बर्फ पडतोच. थोडा उशीर होतो. इतक्या लांबून यायचं म्हणजे उशीर व्हायचाच." हे माथुसोच्या कानावर आलं होतं. तिने ते मास्तरांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

सप्टेंबर उजाडला. पीचची झाडं गुलाबी झाली. कातरणीचे दिवस आले. सोसायटीच्या शेडमध्ये सगळ्या गावाच्या मेंढ्या-शेळ्या आणायच्या आणि लोकर उतरवायची, वर्षाची मिळकत त्यावर. यात धोका एकच. कातरलेल्या जनावराच्या अंगावर उशिराचा बर्फ पडला तर ते रात्र काढत नाही. कोवळ्या उन्हाला भुलून कातरलेले कळपच्या कळप सकाळी दगडांसारखे पडलेले हा-मोखोबेने पूर्वी बघितले होते. म्हणून कातरणी कधी सुरू करायची यावर प्रमुखबाईंच्या अंगणात रोज खल चालायचा. यंदा मात्र खल करायची गरज नव्हती. "शुक्रवारी करू," प्रमुखबाई म्हणाल्या. "गुरुवारी मास्तर काय म्हणतात तेवढं ऐकून."

त्या गुरुवारी दुपारी जोराचा उबदार वारा सुटला आणि छपरावरच्या काठीवरून मोजा सुटून गेला. मास्तरांना तो शाळेच्या मागच्या डोंगरावर फडफडत जाताना दिसला. माथुसोने आदल्याच रविवारी त्या मोज्याबद्दल निर्वाणीचं बोलणं केलं होतं. मास्तर त्याच्यामागे डोंगर चढू लागले. मोजा एका कोरफडीला अडकायचा, ते पोचले की पुन्हा उडायचा. असं करत करत ते थेट माथ्यावर आले, मोजा पकडला, आणि धापा टाकत मान वर केली.

दक्षिणेचं सगळं आभाळ समोर उघडं होतं.

मास्तर मटकन दगडावर बसले. त्यांच्या शाळेची खिडकी ईशान्येला होती. इथलं सगळं वाईट हवामान येतं दक्षिणेकडून, या डोंगराच्या पाठीमागून. डोंगर ओलांडून, गावावर बरसून ते ईशान्येला निघून जातं, आणि तेव्हा कुठे खिडकीत दिसतं. म्हणजे ढगांची नावं बरोबर होती, उंची बरोबर होती, पाठ्यपुस्तक बरोबर होतं. मास्तर एवढे दिवस निघून गेलेल्या हवेचा अंदाज सांगत होते.

त्यांनी दोन्ही हातांत डोकं धरलं. मग दक्षिणेकडे नीट बघितलं आणि लाज विसरले. वर सिरसची आकड्यासारखी वळलेली पिसं, एकाच बाजूला विंचरलेली. त्याखाली दुधाच्या सायीसारखा सिरोस्ट्रेटसचा पडदा, सूर्याभोवती पूर्ण गोल खळं. आणि पार खाली, क्षितिजाला, काळपट करडी भिंत. पुस्तकात हे चार चित्रांत असतं, इथे एकाच आभाळात होतं. उद्या दुपारपर्यंत बर्फ. साधासुधा नव्हे.

ते धावत उतरले. सोसायटीपाशी टाऊ टॅक्सी पुसत होता.

"टाऊ, ऐक. बर्फ येतोय. उद्या. मोठा. सगळ्यांना सांग."

टाऊचा चेहरा उजळला. "नक्की ना, मास्तर?"

"माझ्या पोराची, थुसोची शपथ."

"वा. मग मी कातऱ्या धार लावायला टाकतो," असं म्हणून तो फडकं खांद्यावर टाकून शीळ घालत गेला.

मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांच्या हातात मोजा होता. शेडकडे बायका चहाची मोठी पातेली नेत होत्या. कुंपणामागे मेंढ्या ओरडत होत्या. ते प्रमुखबाईंकडे गेले, आपली खिडकी, डोंगर, दक्षिण दिशा सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आतापर्यंत तुम्ही उलट्या बाजूला बघत होता."

"हो."

"आणि आज तुम्हाला अगदी खात्री आहे की बर्फ येणार."

"शंभर टक्के."

"इतकी खात्री तुम्हाला आधी कधीच नव्हती," बाई समाधानाने म्हणाल्या आणि बाहेर बघून हाक मारली, "अरे, सकाळी लवकरच सुरू करा रे."

केंद्रावर पुसेलेत्सो वाटच बघत होती. "लवकर बसा. मयत आटोपलं. तुम्ही एकदा बर्फ म्हणा, की मी पण माझ्या मेंढ्या घेऊन जाते."

मास्तर माइकसमोर बसले. खरं बोलावं तर गावाची जनावरं मरतात. खोटं बोलावं तर जगतात, पण मग ज्या एका दिवशी आयुष्यात पहिल्यांदा अंदाज बरोबर आला, त्याच दिवशी तो गिळायचा. शिक्षकाने चुकीचं उत्तर माहीत असून फळ्यावर लिहायचं. ते ग्लासभर पाणी प्यायले. पुसेलेत्सोने खूण केली.

"उद्या लख्ख ऊन," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चिरकला, मग लागला. "आभाळ निरभ्र. सिरस नाही, स्ट्रेटस नाही, काही नाही. उद्या आणि परवा बिनधास्त कातरा. कुणाच्या अंगावर लोकर ठेवू नका."

काचेपलीकडे पुसेलेत्सोने कपाळाला हात लावला आणि शेडकडे निरोप पाठवला, की कातरणी रद्द, जनावरं गोठ्यात घ्या, मास्तर ऊन म्हणालेत.

घरी आल्यावर त्यांनी मोजा माथुसोच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. ती रॉकेलचा डबा आत घेत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"सगळ्यांनी उलटं धरलं?"

"सगळ्यांनी."

"आणि माझ्या बाबांनी?"

मास्तरांना वाटलं छपरावरची काठी आपल्याच डोक्यात घुसली. वाडीत फोन लागत नव्हता.

सकाळी टाऊने त्यांना पुलापर्यंत सोडलं. "ऊन बघायला निघालात?" असं विचारायला तो विसरला नाही. पुढची चढण मास्तर शाळेच्या बुटांत चढले. वाडीत पोचले तर म्हातारा कातरी पुसत बसला होता, पहाटेपासून राबल्यामुळे घामाघूम. अंगणात सगळा कळप गुलाबी, उघडा, एकमेकींना चिकटून उभा. वर आभाळ तव्यासारखं काळं झालं होतं.

"या, जावईबापू," मोखेले म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हा शब्द वापरला. "तू म्हणालास तसं केलं. ऊन जरा उशिरा येतंय वाटतं."

"न्ताते, ऊन येत नाहीये. बर्फ येतोय. मला कालच माहीत होतं."

"रेडिओवर तू ऊन म्हणालास."

"खोटं बोललो. मी बर्फ म्हणालो असतो तर गावाने कातरलं असतं. ते माझं उलटं धरतात. सगळे. मी त्यांच्यासाठी खोटं बोललो आणि तुमची आठवण मला राहिली नाही."

म्हाताऱ्याने शेळ्यांकडे बघितलं, फळीवरच्या रेडिओकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून मास्तरांना वाटलं, यापेक्षा काठी उगारली असती तर बरं झालं असतं.

"इथला गोठा दगडांचा आहे, वर उघडा," मोखेले शेवटी म्हणाले. "छप्पर कुठे आहे?"

"शाळेला."

"मग उभा काय राहिलास?"

त्यांनी कळप उताराला घातला. निम्म्या वाटेवर पहिले थेंब आले.

"हा पावसात कालवलेला," मास्तर सवयीने म्हणाले. थोड्या वेळाने टणटण सुरू झालं. "हा भरडा. याचा अर्थ वर हवा..."

"नाव सांगू नकोस. हाक," सासरे म्हणाले.

मग खरा बर्फ आला, मोठाल्या पाकळ्यांचा, आडवा. मास्तरांनी आपलं ब्लँकेट काढून सगळ्यात लहान करडाभोवती गुंडाळलं आणि ते काखेत मारलं. म्हाताऱ्याने आपलं ब्लँकेट एका म्हाताऱ्या शेळीला घातलं. ती सारखी बसत होती. तिला दोघांनी आळीपाळीने उचललं. तिने गावच्या पहिल्या घराच्या अलीकडेच प्राण सोडला. मोखेलेंनी तिला कडेला ठेवलं, क्षणभर तिच्या मानेवर हात ठेवला, आणि ब्लँकेट काढून दुसरीला घातलं.

गावातून वरात निघाली तेव्हा सगळं हा-मोखोबे दारात होतं. प्रत्येकाच्या गोठ्यात लोकरीसकट जनावरं सुखात रवंथ करत होती. समोरून कातरलेला कळप, मागे उपमुख्याध्यापक, काखेत करडू, टोपीवर वीतभर बर्फ. आधी टाऊ हसला. मग सगळेच. "न्ताते निम्बो, ऊन फार झालं का?" पण हसता हसता लोकांनी ब्लँकेटं आणून फेकली, एवढं खरं.

शाळेत मोठी शेकोटी असलेली एकच खोली होती, भूगोलाची. माथुसो गरम पाणी आणि पेंढा घेऊन तिथे आधीच पोचली होती. शेळ्या बाकांच्या मध्ये बसल्या. त्यांनी भिंतीवरचा ढगांचा तक्ता खाल्ला, वरच्या सिरसपर्यंत तोंड पुरेना म्हणून तेवढा राहिला. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "फाकिसी, हे काय आहे?" मास्तर उत्तर द्यायच्या आधी एका शेळीने उत्तर दिलं.

रविवारी आभाळ मोकळं झालं, सोमवारी बर्फ वितळून ओढ्याला लागला. म्हातारीशिवाय कळपातलं एकही गेलं नव्हतं. शेजारच्या खोऱ्यात मात्र लोकांनी राजधानीतल्या बाईचं ऐकून कातरलं होतं, आणि तिथून येणाऱ्या बातम्या ऐकवत नव्हत्या. मग सगळ्यांचं हसायचं बंद झालं.

प्रमुखबाईंनी शेडसमोर सभा घेतली. आल्याचं सरबत, जोआलाची, म्हणजे ज्वारीच्या बिअरची, मडकी, सगळा गाव. पुसेलेत्सो लांब वायर ओढून माइक घेऊन आली, कारण कातरणी आता केव्हा हे तिथूनच सांगायचं होतं.

"न्ताते फाकिसी चुकले नसते," बाई म्हणाल्या, "तर आज आपल्या गोठ्यांत काय असतं ते मला बोलवत नाही. देव त्यांना असंच ठेवो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या मारल्या, आणि मास्तरांच्या पुढ्यात एक तगडा मेंढा आणून उभा केला.

मास्तर उठले. त्यांचे कान तापले होते. "मी चुकलो नव्हतो," ते म्हणाले. "मला माहीत होतं. बर्फ येणार हे मला गुरुवारीच डोंगरावरून दिसलं. मी मुद्दाम उलटं सांगितलं."

"रस्त्यात मला बर्फ म्हणालात, रेडिओवर ऊन. धरायचं ते रेडिओवरचंच," म्हणत टाऊ मांडीवर थाप मारून हसला आणि सगळा गाव असा हसला की मेंढा दोरी ओढून पळू लागला. "हेसुद्धा उलटं धरायचं ना, मास्तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ऐका," मास्तर पुढे बोलू लागले. "माझी खिडकी ईशान्येला आहे. माझ्याकडे साक्षीदार आहे. माझे सासरे."

सगळ्यांनी मोखेलेंकडे बघितलं. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो मास्तरांकडे बघत राहिला, मग त्यांच्या ब्लँकेटचं टोक धरून हलकेच ओढलं. मास्तर वाकले.

"मी खरं सांगितलं तर हे लोक पुढच्या खेपेला तुझं ऐकतील की उलटं करतील?" त्याने कानात विचारलं.

मास्तरांनी विचार केला. निम्म्यांनी ऐकलं असतं, निम्म्यांनी उलटं केलं असतं. प्रत्येक घरात भांडण, आणि निम्मी जनावरं मेली असती.

"मला काही आठवत नाही," मोखेले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी शेळ्या हाकत होतो."

मास्तर खाली बसले. पुसेलेत्सोने माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. शेड गप्प झाली, कातऱ्या हातांत तयार होत्या. त्या सकाळी ते डोंगरावर जाऊन आले होते. दक्षिणेला नखाएवढाही ढग नव्हता.

"उद्यापासून भयंकर बर्फ," मास्तर म्हणाले. "निम्बोस्ट्रेटस. जनावरं बाहेर काढू नका. घाट बंद होईल. जपा."

आनंदाची एकच लाट उसळली. लोक कातऱ्या घेऊन मेंढ्यांकडे धावले. टाऊने शहराची फेरी जाहीर केली. माथुसो कपडे भिजवायला घराकडे निघाली. गर्दी हलली तसे मोखेले जावयाजवळ सरकले.

"आता मला सांग."

"ऊन आहे, न्ताते. पुढचे बरेच दिवस. शेळ्या खुशाल वर न्या."

म्हाताऱ्याने मान हलवली, टोपी सारखी केली आणि भूगोलाच्या खोलीकडे चालू लागला. दारापाशी थांबून मागे वळला.

"भयंकर म्हणालास तेव्हा आवाज छान लागला होता," तो म्हणाला, आणि शेळ्यांना हाक घालत आत गेला.